टाच पोचत नाही

पुण्यातल्या एका दुकानदाराने मला फसवलं. मीटरगेजची गाडी म्हणून त्याने मला दुसऱ्याच गेजची गाडी दिली, एकतीस हजार रुपये रोख घेतले, वर चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायलाही आला. मी बेळगावजवळ मच्छ्याला लोखंडी कपाटं बनवतो. गेज म्हणजे आमच्या धंद्यात पत्र्याची जाडी, त्या एका शब्दावर माझं घर उभं आहे. अशा माणसाला त्याने गेजमध्येच फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाच्या मनात शंका नको.

गाडी म्हणजे टेबलावर चालणारी छोटी गाडी. पण जत्रेत मिळते तसली खेळण्यातली नव्हे. खऱ्या इंजिनाची आणि खऱ्या डब्यांची मापं घेऊन, सगळं एका प्रमाणात लहान करून बनवलेली असते ती. पूर्वी लोक सुटे भाग आणून घरी जोडत बसायचे म्हणे. आता सगळं तयार मिळतं. खोकं उघडायचं, रूळ जोडायचे, गाडी ठेवायची, बटण फिरवायचं. ती मी नातवंडांसाठी घेतली नव्हती, मला अजून नातवंडं नाहीत. माझ्या वडिलांसाठी घेतली होती. आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.

आप्पा खानापूरच्या पुढे, लोंढ्याकडे जाणाऱ्या लाईनीवर चावीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याची लाईन चालायची, प्रत्येक चावीवर हातोडा मारायचा, सैल असेल तर ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. घट्ट चावी ठण्ण वाजते आणि सैल चावी ठप्प वाजते. कपाटाचा पत्रा मी आजही बोटाच्या पेराने वाजवून ओळखतो, ते कान मला आप्पांनी दिले. कुठल्या शाळेत शिकलो नाही.

तेव्हा ती लाईन मीटरगेज होती. दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. आमच्याकडे तिला लहान लाईन म्हणत आणि तिच्यावरून जाणारी ती लहान गाडी. शाळेला सुट्टी असली की मी आप्पांची भाकरी घेऊन लाईनीवर जायचो. गाडीची वेळ नसेल तेव्हा आप्पा रुळावरच बसून जेवायचे. जेवण झालं की पाय पसरायचे. एका रुळावर बसून पाय सरळ केले की त्यांची टाच बरोबर समोरच्या रुळाला टेकायची. बरोबर म्हणजे बरोबर, जशी काही कुणी त्यांचा पाय मोजूनच लाईन टाकली होती. मी त्यांच्या शेजारी बसून पाय ताणायचो. माझी टाच अर्ध्यात खडीवरच पडायची.

"पोचली का रं?" ते विचारायचे.

"न्हाय."

"पोचंल. लाईन काय पळून जाती व्हय?"

दर सुट्टीत हेच. दर वेळी माझी टाच थोडी पुढे गेलेली असायची आणि दर वेळी थोडी कमी पडायची. दुपारच्या गाडीचं काळं इंजिन वळणावर शिट्टी द्यायचं, तशी आम्ही फडकी झटकून बाजूला व्हायचो. आप्पा हिरवं निशाण उभं धरायचे, ड्रायव्हर हात करायचा, आणि मग बराच वेळ हवेत कोळशाचा आणि तापलेल्या तेलाचा वास राहायचा. तो वास मला आज कुठे आला तर मी रस्त्यात थांबेन. येत नाही.

माझे पाय पुरेसे लांब झाले तेव्हा मी बेळगावात एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागलो होतो. रुळावर बसायला जायला वेळ नव्हता. आणि एक दिवस लाईन पळून गेली. लहान लाईन काढून मोठी टाकायचं ठरलं. ज्या चाव्या आप्पांनी आयुष्यभर ठोकून बसवल्या, त्याच त्यांच्या गँगने उलट्या ठोकून काढल्या. समोरच्या रुळाला माझी टाच पोचत होती की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मला त्या वेळी दुसरंच कळत होतं. जुन्या लाईनीच्या, रुळांखाली आडव्या टाकलेल्या लाकडी स्लीपरांचा लिलाव होता. खानापूरच्या एका लाकूडवाल्याबरोबर भागीत मी ते घेतले. तेल पाजलेलं, वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून राहिलेलं लाकूड. चौकटींना, गोठ्यांना लोक रांगा लावून नेत होते. माझं पहिलं भांडवल त्या स्लीपरांतून आलं. मच्छ्याचा गाळा, पत्रा कापायचं मशीन, सगळ्याच्या तळाशी तेच लाकूड आहे. ते मी लपवत नाही.

आप्पांनी त्या वेळी एवढंच म्हटलं, "त्यातला एक ठेव माझ्यासाठी."

"कशाला आप्पा?"

"ठेव की."

ठेवला होता. मागच्या भिंतीला उभा करून ठेवला होता. मग निपाणीचा एक माणूस आला. गोठ्याला त्याला एकच स्लीपर कमी पडत होता आणि तो दुप्पट दर द्यायला तयार होता. मी दिला. आप्पांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "त्याला वाळवी लागलती. टाकला."

आप्पा "व्हय?" म्हणाले. पुढे कधी विषय काढला नाही. तेल पाजलेल्या स्लीपरला वाळवी लागत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. मला ते दोन दिवसांनी सुचलं, तोपर्यंत बोलून झालं होतं.

त्यानंतर आप्पांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. कपडे दिले तर घातले, दवाखान्यात नेलं तर आले. गेल्या वर्षी मात्र एकदा माझ्या फोनवर एक व्हिडिओ बघत होते. कुणीतरी आपल्या घरात छोटी गाडी चालवत होता. काळं इंजिन, मागे तीन डबे. आप्पांनी फोन नाकाजवळ नेला, परत लांब धरला.

"ही कुठं मिळती रं?"

एवढंच. पण मला कळलं, हे मागणं आहे. आयुष्यातलं दुसरं. पहिल्याचं मी काय केलं होतं ते वर लिहिलंच आहे. त्याच क्षणी ठरवलं, ही गाडी आप्पांच्या पुढ्यात आणून ठेवायची आणि ती लहान गाडीच असायला हवी, दुसरी कुठली नाही.

मी कुठलाही माल बाजार समजून घेतल्याशिवाय घेत नाही. दोन महिने फोन केले. बंगळूर, मुंबई, पुणे. जे कळलं ते असं. सगळ्यात खाली प्लास्टिकची, सेलवर चालणारी, गोल रुळावर फिरत राहणारी गाडी. तिला या बाजारात कुणी मोजत नाही. तिच्या वर खरी सुरुवात होते. इथे इंजिन विजेवर चालतं, पण आतून पोकळ असतं, चाकं प्लास्टिकची, दांडे, शिड्या, कड्या सगळं अंगातच ओतलेलं. लांबून बरं दिसतं. त्याच्या वर धातूचा सांगाडा, धातूची चाकं, प्रत्येक दांडा वेगळ्या तारेचा करून बसवलेला, डब्यावरची अक्षरं भिंगातून वाचता येतील अशी. त्याच्या वर तेच इंजिन, पण आवाजासकट आणि धुरासकट. आणि सगळ्यात वर काचेच्या कपाटात पितळी गाड्या, एकेका कारागिराने हाताने बनवलेल्या. त्यांचा दर कुणी फोनवर सांगत नाही. सांगितला तर आवाज खाली करून सांगतात.

एका पायरीवरून वरच्या पायरीवर गेलं की दर बहुतेक वेळा जवळजवळ दुप्पट होतो. माल दुप्पट होत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या दुकानाच्या दारातही तीन कपाटं उभी असतात. पातळ पत्र्याचं स्वस्त, जाड पत्र्याचं महाग आणि मध्ये एक. गिऱ्हाईकाला वाटतं, मधलं आपल्यासारख्यांसाठी आहे. खरं तर मधल्याचा दर मी मुद्दाम वरच्याच्या जवळ ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यासाठी कशाला, वरचंच घेऊ. मधलं विकण्यासाठी ठेवलेलं नसतंच. आणि पत्रा किती गेजचा असं कुणी विचारलं, आणि तो बावीसचा, म्हणजे पातळ असला, तर मी खोटं सांगत नाही. मी म्हणतो, "हेच गेज सगळे नेतात." गिऱ्हाईक मान हलवतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुण्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या माडीवर होतं. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. मालक माझ्याच वयाचा, पांढरा शर्ट, हातात सुती मोजे. इंजिनाला बोटांचे डाग नकोत म्हणून मोजे. मी मनात म्हटलं, ह्या मोज्यांचे दोन हजार दरात धरलेले असणार.

"कुठून आलात?"

"बेळगाव."

"अरे वा, कर्नाटक! मराठी छान बोलता हो तुम्ही."

हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. तिकडे कन्नड नीट येत नाही म्हणून ऐकायचं, इकडे मराठी येतं म्हणून कौतुक करून घ्यायचं. माझं डोकं तिथेच तापलं.

"छान काय त्यात? घरचं हाय. विकत आणल्यालं न्हाय. दर बोला."

त्याने तीन काळी इंजिनं काचेवर मांडली. अंग तिन्हींचं एकच. पहिलं अकरा हजार, दुसरं एकोणीस, तिसरं बावीस. मी तिन्ही हातात तोलली. पहिलं हलकं, आत काही नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वजन सारखं. तिसऱ्यात फक्त आवाज जास्त.

"तीन हजारांचा फरक आहे, साहेब. एवढ्यासाठी कशाला? आवाजाचंच घ्या."

मला हसू आलं. तो माझंच दुकान मला दाखवत होता.

"आवाज आमच्या बायकोचा हाय घरात. मधलं द्या. डबे तीन, रूळ, बटणाचा खोका, सगळं धरून बोला."

"अठ्ठेचाळीस."

"पंचवीस."

त्याने मोजे काढले. म्हणजे बोलणी सुरू झाली. "आमच्याकडे एकच भाव असतो."

"मग इंजिनं तीन कशाला ठेवलासा? एकच ठेवायचं की."

दोन तास गेले. चहा दोनदा आला. मी एकदा उठून जिन्यापर्यंत गेलो, एकदा त्याने खोकं परत बांधलं. चौतीसवर तो अडला. मग मी शेवटचा दगड टाकला. "पावती नको. रोख देतो." त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "एकतीस. कुणाला सांगू नका."

मधला माल खालच्या दराच्या जवळपास काढला होता मी. मधलं कुणाला विकायचं नसतं, ते मी घेतलं होतं. तशा खुशीत, उठता उठता, विचारलं.

"ही मीटरगेजच हाय न्हवं?"

त्याने रुळाचा तुकडा हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "हेच गेज सगळे घेतात, साहेब."

मी मान हलवली.

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हाही पत्र्याचं गेज मोजायची चकती होती आणि सहा इंचांची स्टीलची पट्टी होती. वीस वर्षांत ती पट्टी मी खिशातून काढून ठेवलेली नाही, मयताला जातानाही नाही. ती त्या रुळावर ठेवायला दोन सेकंद लागले असते. पण दर हलला की मी बाकी सगळ्याला आंधळा होतो. हा माझा दोष आहे आणि त्याने तो ओळखला.

येताना कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसाने डिकी उघडायला लावली. मी खोकं घोंगड्याखाली ठेवलं होतं, पावती नव्हती म्हणून.

"एनरी इदु?" हे काय, त्याने विचारलं.

मी कन्नडमध्ये सांगितलं, खेळण्यातली रेल्वे आहे.

"पोरांसाठी?"

"इल्ल री. नम्म अप्पग." नाही हो, माझ्या वडिलांसाठी.

त्याने माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि जोरात हसला. शेजारच्याला हाक मारून सांगितलं, तोही हसला. डिकी त्यानेच बंद केली, हलक्या हाताने. निपाणीपासून बेळगावपर्यंत मी गाडीत एकटाच हसत होतो. इतका खूश मी गाळा घेतला त्या दिवशीही नव्हतो. निपाणीत, ज्या माणसाला मी आप्पांचा स्लीपर विकला त्याच्या गावावरून जाताना, मनात म्हटलं, फिटलं बाबा आता.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर रूळ जोडले.

"अहो, मग जेवायचं कुठं? फलाटावर?" बायको म्हणाली. पण टेबल तिनेच पुसून दिलं.

आप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. देवळात जाताना घालतात तो. चष्मा पुसला. मला वाटलं इंजिन बघतील. इंजिनाकडे त्यांनी बघितलंच नाही. ते रूळ बघत होते. खाली वाकून, एका डोळ्याने, लाईनीच्या लांबीतून, जसे पूर्वी बघायचे तसे. मी बटण फिरवलं. गाडी निघाली. सुरेख निघाली. चाकांचा रुळाच्या सांध्यावर टक टक आवाज येत होता. बायकोने टाळी वाजवली. मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होतो.

"थांबीव," ते म्हणाले.

थांबवली. गाडीबरोबर एका पुडीत बारीक माणसं आली होती, त्याच प्रमाणात केलेली. नखाएवढी. हमाल, प्रवासी, निशाणवाला. आप्पांनी त्यातला एक उचलला. चिमटीत धरला. मग त्यांनी तो माणूस लाईनीवर आडवा ठेवला. कंबर एका रुळावर, पाय समोरच्या रुळाकडे. मला लगेच कळलं ते काय करत आहेत.

माणसाचे पाय मध्येच संपले होते. समोरचा रूळ लांब होता.

"टाच पोचत न्हाय रं," आप्पा म्हणाले.

त्यांनी माणूस जरा सरकवून परत बघितलं. मग सरळ बसले.

"लहान लाईन न्हाय ही. मोठीबी न्हाय. मोठीवर ह्याच्यापेक्षा लांब ऱ्हाती टाच, मी टाकलीया की ती लाईन, मला ठाव हाय. ही मधलीच कायतरी हाय. असली लाईन आपल्याकडं न्हवती कधी."

"आप्पा, दुकानदार म्हणाला..."

"किती पडली?"

"पंधरा हजार," मी म्हणालो.

आप्पांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. आणि हसले. खरंच हसले, दात नसलेलं हसू.

"वाळवी तर लागली न्हाय न्हवं हिला?"

तीस वर्षं. तीस वर्षं तो माणूस ते वाक्य पोटात घेऊन बसला होता. बायकोला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "प्लास्टिकला कुठली वाळवी, मामंजी?" आप्पा आणखी हसले. मी उठून बाहेर गेलो.

नंतर पट्टी लावली. दोन रुळांत साडेसोळा मिलीमीटर. या प्रमाणात मीटरगेजचे रूळ बारा मिलीमीटरवर हवेत. आपली मोठी लाईन धरली तर एकोणीस. साडेसोळा हे परदेशातल्या लाईनीचं माप, आणि सगळे कारखाने त्याच मापाचे रूळ काढतात म्हणून आपली मोठी गाडीही त्याच्यावरच बसवतात. लहान गाडीचं इंजिन तयार माल म्हणून कुणी काढतच नाही. खपत नाही म्हणे. साडेचार मिलीमीटर. माझ्या पट्टीवर पाच बारक्या रेघाही नाहीत.

दुकानदाराला फोन केला. जे बोललो त्यातलं बरंच इथे लिहिता येणार नाही. तो शांत होता.

"साहेब, तुम्ही दोन तास दर विचारत होतात. गेज विचारलंत कुठे?"

"विचारलतो! उठताना विचारलतो!"

"मग मी काय म्हणालो ते आठवा."

आठवलं. तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते वाक्य कुणाचं आहे. मच्छ्याच्या गाळ्यात, स्वस्त कपाटाच्या दारावर हात ठेवून, किती वेळा म्हटलं असेल ते मी. तोंडपाठ वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि मी गिऱ्हाइकासारखी मान हलवली.

"मी हो म्हणालो नाही," तो म्हणाला. "परत पाठवा, वीस टक्के कापून घेतो. पावती नाहीये तुमच्याकडे, तरी घेतो. हे चांगुलपण समजा."

पावती नाही, म्हणजे ग्राहक मंचात जायची वाट मीच तीन हजारांत विकली होती. मी फोन ठेवला.

चार दिवसांनी परत केला. या वेळी आवाज चढवला नाही. म्हटलं, बारा मिलीमीटरवरची, आपल्या लहान लाईनीची गाडी पाहिजे. मिळेल की नाही तेवढं सांगा. तो म्हणाला, पितळेची, हाताने बनवून घ्यावी लागेल. दर सांगितला. एका जुन्या मोटारीचा दर होता तो. मी म्हणालो, चालंल.

त्याने माझं नाव परत विचारलं. त्याला वाटलं असेल, फोन दुसऱ्याच कुणाचा आहे.

"दोन वर्षं लागतील," तो म्हणाला.

"लवकर? जास्त घ्या."

"हातकाम आहे, साहेब. पैशाने लवकर होत नाही."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला दोन वर्षं थांब म्हणून कसं सांगायचं? आयुष्यात मी जे जे घेतलं ते सांगितल्या दरापेक्षा खाली घेतलं. त्या दिवशी वर द्यायला तयार होतो आणि समोरचा घेत नव्हता. तरी ऑर्डर दिली आहे. या वेळी पावती घेतली आहे. तिच्यावर बारा मिलीमीटर हे शब्दांत लिहून घेतलं आहे.

तोपर्यंत टेबलावर हीच आहे. आप्पा रोज चहानंतर ती चालवतात. तिचं नाव त्यांनी मधली ठेवलं आहे. "मधली आली बघ," म्हणतात आणि निशाणवाला बोटाने उभा करतात. ते चेष्टेत म्हणतात की लहान मुलासारखे खरंच रमले आहेत, मला समजत नाही. कधी कधी गाडी थांबवून रूळ बघत बसतात, एका डोळ्याने. तेव्हा मी आत जातो. मोठ्या गाडीची शिट्टी आमच्या घरी ऐकू येते. ती वाजली की आप्पा मान वर करतात, परत खाली घालतात. ज्या शिट्टीला ते उठून उभे राहिले असते, ती कुठल्याच दरात, कुठल्याच पायरीवर नाही.

कपाटांचं कुणी मला ऐकवलं तर माझं सांगणं असं आहे. माझ्या बावीस गेजच्या कपाटात लोक कपडे ठेवतात. कपडे राहतात त्यात. कुणी आपला बाप त्यात ठेवायला येत नाही. त्या पुण्याच्या दुकानदाराला मी वेळ घ्यायला फोन केला तेव्हाच सांगितलं होतं, माझे वडील लाईनीवर होते, त्यांना ती लाईन बघायची आहे. त्याने "वा, वा" म्हटलं होतं. कशासाठी घेतोय हे माहीत असून त्याने रुळाचा तुकडा हातात फिरवला आणि परत खाली ठेवला. त्याला बारा आणि साडेसोळा कळत नव्हतं असं नाही. हातात मोजे घालणारा माणूस आहे तो.

पैसे परत नकोत. वीस टक्के कापूनही नकोत, न कापताही नकोत. त्याने बेळगावला यावं. भाडं मी देतो, जेवायला घालतो, फलाटावरच. आप्पांसमोर बसावं, पुडीतला तो नखाएवढा माणूस रुळावर आडवा ठेवावा, आणि टाच का पोचत नाही ते आपल्या तोंडाने त्यांना सांगावं. हेच गेज सगळे घेतात, हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणून दाखवावं. वाळवीचं उत्तर मला द्यायचं आहे, ते मी देईन, त्याच टेबलावर, त्याच्या शेजारी बसून. पण आधी त्याने द्यावं. आप्पा वाट बघत आहेत, आणि दोन वर्षं त्यांच्याजवळ आहेत की नाहीत हे त्यालाही माहीत नाही.